निळी तार खाली

आमच्या लखनौच्या घरमालकांच्या शर्टाच्या खिशातून कायम दोन तारा बाहेर लोंबत असायच्या. एक लाल, एक काळी, आणि दोघींच्या टोकाला दातेरी चिमटे. नव्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं, कानाचं यंत्र असणार. मग तो त्यांच्याशी ओरडून बोलायला लागायचा. काकांना पलीकडच्या गल्लीतून जाणाऱ्या स्कूटरचा बिघाडही ऐकू यायचा. ते शांतपणे म्हणायचे, "भैया, आहिस्ता. बल्ब है."

बल्बच होता तो. गाडीच्या मागच्या दिव्यात असतो तेवढा, दोन तारा जोडलेला. एक चिमटा इथं लावायचा, एक तिथं. पेटला तर वीज येते आहे, नाही पेटला तर कुठंतरी अडली आहे. काका त्याला 'साक्षीदार' म्हणायचे आणि लग्नामुंजीलाही बरोबर न्यायचे. काकू म्हणायच्या, "दुसऱ्याच्या घरी जेवायला जाऊन राहिलो आपण, काढा न तो खिशातून." काका म्हणायचे, "कोणाच्या घरी काय बंद असंल, सांगता येते का?" आणि खरंच, तीनातल्या एका घरी जेवणापूर्वी मंडळी टेबलाखाली वाकलेली असायची.

मी त्यांच्याकडे भाड्यानं राहायला गेले ती नव्वदच्या दशकात. बँकेनं मला बढती दिली आणि बढतीसोबत लखनौ चिकटवलं. शाखा बख्शी का तालाबला, बिऱ्हाड इंदिरा नगरात, आणि मी सांगलीची. माझं हिंदी म्हणजे मराठी वाक्याला शेवटी 'है' लावायचं. काका मूळचे नागपूरकडचे. सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, लग्न कधी करणार ते विचारलं नाही. विचारलं एवढंच, "फ्यूज गेला हे तुले कसं समजते?"

मी घाबरून म्हटलं, "अंधार होतो."

ते काकूंकडे वळले. "जेवढं माहीत आहे तेवढंच सांगते पोरगी. देऊन टाक किल्ली."

त्यांच्या घरात कुठलीही वस्तू 'बिघडली' म्हणायची सोय नव्हती. "बिघडत नाही काही. काहीतरी सांगून राहिली असते ती." मग चौकशी सुरू. नळ गळतोय म्हटलं तर, कधीपासून? पहिल्यांदा पाहिलं कोणी? त्या वेळी मोटर चालू होती का? एकदा माझं दूध नासलं तर त्याचाही जबाब त्यांनी घेतला, आणि शेवटी दोष माझ्या पातेल्याकडे न जाता माझ्याकडेच आला. रागावायची सोय नव्हती, कारण काका स्वतःलाही असेच प्रश्न विचारत. अंगणात एकटेच उभे राहून, "मग तू कुठं होता त्या वेळी?" असं ते स्वतःला म्हणताना मी ऐकलं आहे.

हा सगळा उद्योग मुख्यतः एका गाडीपायी होता. फिकट हिरवी, गोल पाठीची, माझ्या वयाची गाडी. तिला एक वही होती, लांबट, कापडी पुठ्ठ्याची. गाडीनं काढलेला प्रत्येक आवाज त्या वहीत लिहिलेला. 'तिसऱ्या गिअरले टुक. दोनदा. सौ. म्हणते तीनदा.' 'वायपर डावीकडे जाताना कुरकुरते, उजवीकडे नाही.' मी त्यांच्या बाजूला बसले की वही माझ्या मांडीवर येई, आणि ते गाडी चालवता चालवता सांगत ते मी टिपून घेई. काकू मागच्या सीटवर बसत. ती जागा त्यांचीच. तिथं दुसऱ्या कोणाला बसवलेलं मी पाहिलं नाही.

"माणूस खोटं बोलते," काका म्हणायचे, "तार खोटं बोलत नाही. अन् वही त बिलकुलच नाही."

आता माझी फजिती सांगून टाकते, कारण पुढं ती लागणार आहे. मी राहायला आले त्याच आठवड्यात गॅसवाला आला. मी वरच्या मजल्यावर, तो जिन्याच्या पायथ्याशी. त्यानं खालून विचारलं, "बहनजी, सिलेंडर खाली है?"

मी म्हटलं, "नहीं भैया, ऊपर है."

"ऊपर तो है, मगर खाली है कि नहीं?"

"अरे, कहा ना, ऊपर है!"

तो माणूस जिन्यात बसलाच. अंगणात तांदूळ निवडणाऱ्या काकूंनी तोंडाला पदर लावला होता. काका बाहेर आले, दोन्ही बाजूंचा जबाब घेतला आणि मला समजावलं, "खाली म्हणजे रिकामं, पोरी. इथं खाली म्हणजे रिकामं. आपलं खाली इथं 'नीचे' होते." आणि मग खो खो हसले. त्या दिवसापासून संध्याकाळी टेम्पोतून उतरून मी फाटकाशी आले की काका अंगणातून हाक मारायचे, "काय बँकवाली? नहीं, ऊपर है?" शेजाऱ्यांनाही ते पाठ झालं. मी चिडायची. "तुम्हाला कधी नाही का होत असं?" तर म्हणायचे, "तीस वर्षं झाली मले लखनौत. माझी नाही होत अशी चूक."

हे मात्र पुरतं खरं नव्हतं. पण तेही ओघात येईलच.

काकूंना दमा होता. हिवाळा त्या कसाबसा काढत, पण उन्हाळा त्यांना जड जाई. मे महिन्यात लखनौत लू वाहते, भट्टीतून आल्यासारखा वारा. गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात तर गरम धूळ आत येणार आणि त्यांना दम लागणार. बंद ठेवाव्यात तर जीव गुदमरणार. त्यांना वर्षातून एकाच ठिकाणी नेमानं जायचं असायचं: बुद्धपौर्णिमेला, तेलीबागेत. तिथं एका मराठी कुटुंबाच्या घरी नोकरीनिमित्त लखनौत आलेली बौद्ध मंडळी जमायची. वंदना व्हायची, आणि खीर काकूंची. वर्षभर हिंदीत वावरणाऱ्या काकूंना त्या एका दिवशी पन्नास माणसं मराठीत बोलताना ऐकायला मिळायची. "कान धुऊन निघते," असं त्या म्हणायच्या.

म्हणून, मी येण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात काकांनी गाडीत पंखा बसवून घेतला. जाळीचा, वीतभर रुंद, गाडीच्या बॅटरीवर चालणारा, पुढच्या सीटच्या पाठीला ठोकलेला, तोंड काकूंकडे. बसवला तेलीबागेतल्याच एका मिस्त्रीनं. तो गाडीच्या डॅशबोर्डच्या फळीखाली डोकं घालून आडवा पडला, पाय दाराबाहेर, आणि आतून कुठली तार कुठं ते सांगत गेला. काका बाहेर स्टुलावर बसून शब्दन् शब्द वहीत उतरवत गेले. तो उन्हाळा पंखा बिनतक्रार चालला. काकू तेलीबागेला जाऊन आल्या आणि दोन महिने तिथल्या गोष्टी सांगत राहिल्या.

हिवाळ्यात काकांनी पंखा काढून, पुसून, धोतराच्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. मार्चमध्ये परत बसवला तेव्हा मी शेजारी उभी होते. सीटच्या मागून तीन तारा बाहेर आलेल्या. काका वही वाचत आणि हात चालत. "लाल, करंट." लाल तार पंख्याच्या वरच्या स्क्रूला. "काळी, बॉडी." काळी पंख्याच्या जाळीला. "निळी, खाली." निळी खालच्या स्क्रूला. बटण दाबलं, पंखा फिरला. काकांनी वहीत लिहिलं, 'पंखा बसवला. चालू.'

त्या वर्षीच्या पौर्णिमेला आम्ही निघालो. काकू पांढऱ्या साडीत, मांडीवर खिरीचं पातेलं, खिडकीच्या काचेवर ओला पंचा. पंखा छान चालला होता. वाटेत रेल्वेचं फाटक लागलं, रुळांवर गाडी गचकली आणि पंखा थांबला.

काकांनी गाडी बाजूला घेतली. साक्षीदार काढला, तारांना लावला. पेटला. "वीज आहे." पंखाही चालू. थोडं पुढं गेलो, बंद. परत थांबलो. दार आपटलं तर पंखा फिरायला लागला. काका म्हणाले, "सांगून राहिला काहीतरी." तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा काकूंचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी खिडक्या उघडल्या, तर लू आणि ट्रकची धूळ आत आली आणि जास्तच झालं. अर्ध्या वाटेवरून गाडी वळवली. काकू चार दिवस अंथरुणात होत्या. खीर त्याच दुपारी आंबली. मी ती मागच्या दारी नेऊन टाकली.

पाचव्या दिवशी काकू उठून बसल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मी आता त्या गाडीत बसत नाही."

त्या भांडल्या असत्या तर काका निभावून गेले असते. भांडणाला ते पुरून उरत. पण हे वाक्य त्यांनी वहीत लिहिलं नाही, एवढ्यावरून मी काय ते समजले.

त्यानंतरच्या रविवारी ते मला घेऊन तेलीबागेला मिस्त्रीकडे गेले. रागावले की काकांचं हिंदी नागपूरला परत जायचं. गिऱ्हाईकांनी भरलेल्या दुकानात त्यांनी सुरुवात केली, "तुमने जोड कच्चा मारा है!"

मिस्त्री वयानं काकांएवढाच, पांढरी दाढी, हात ग्रीसनं काळे. तो उठून उभा राहिला. "साहब, तशरीफ़ तो रखिए. हमने जैसे जोड़ा था, वैसे ही है न?"

"वैसा ही है! वही में लिखा है!"

"किसमें लिखा है, साहब?"

"वही में!"

"जी, वही तो पूछ रहे हैं. किसमें?"

दुकानातली माणसं हसायला लागली. मलाही हसू येत होतं, पण काकांच्या मानेवरची शीर बघून मी ते गिळलं. काकांनी वही त्याच्या तोंडासमोर हलवली आणि जे बोलले ते बोलायला नको होतं. म्हणाले, "बेईमान आदमी हो तुम. मेरी घरवाली की जान जाते-जाते बची." मिस्त्री खाली बसला, हातातला पाना त्यानं उचलला आणि म्हणाला, "आप बड़े हैं. कह लीजिए."

येताना माझ्या मनात होतं की मिस्त्रीनं खरोखरच काम कच्चं केलं असणार, कारण वहीत कधी चूक नसते हे तोवर मलाही पटलं होतं.

पुढचं वर्षभर त्या पंख्यानं आमचे रविवार खाल्ले. बटण बदललं. फ्यूज बदलला. बॅटरीची टोकं गरम पाण्यानं धुतली. अंगणात गाडी उभी असली की पंखा असा चालायचा की काका मागच्या सीटवर बसून अख्खा पेपर वाचून काढायचे, वाऱ्यानं पानं फडफडायची. साक्षीदार जिथं लावाल तिथं पेटायचा. आणि रस्त्यावर काढली की कुठल्यातरी खड्ड्यात पंखा मान टाकायचा. तो हिवाळ्यात परत काढला, मार्चमध्ये परत बसवला, वही वाचून, अगदी तसाच. काकू दारातून हे सगळं पाहायच्या. थंडीत पंखा नको असतानाही त्या गाडीत बसल्या नाहीत. सब्जी आणायला रिक्षानं जायच्या. काका रोज सकाळी मागची सीट पुसायचे. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी त्या वेळी वरूनच आंघोळीची घाई आहे असं ओरडून सांगायची.

पुन्हा मे आला. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मला सुट्टी होती. काकूंनी खिरीसाठी तांदूळ भिजवले होते, पण खीर कोणाबरोबर तरी पाठवायची असं त्यांचं ठरलेलं. काका मला म्हणाले, "पुढच्या फळीच्या खाली मी कधी पाहिलंच नाही. माझी कंबर वाकत नाही. तिथं मिस्त्रीच गेला होता. तू जाशील?"

मी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधली आणि टॉर्च घेऊन फळीखाली डोकं घातलं. पाय दाराबाहेर. मागं पंखा चालू ठेवलेला. काका मागच्या सीटवर वही उघडून बसले आणि वाचू लागले.

"लाल, करंट."

"आहे. फ्यूजला जोडलीय."

"काळी, बॉडी."

"गाडीच्या पत्र्याला स्क्रूनं आवळलीय. घट्ट आहे."

"निळी, खाली."

निळी तार त्या दोघींच्या मागून आली होती आणि तिचं सोललेलं टोक नुसतंच लोंबत होतं. कुठल्या स्क्रूला नाही, कशाला नाही. टोक मागच्या पत्र्याला जेमतेम टेकलं होतं. मी ते बोटानं बाजूला केलं. पंखा थांबला. सोडलं. सुरू झाला.

"काका, निळी कशालाच जोडलेली नाही."

"असं कसं? वहीत आहे. निळी खाली."

"कशाच्या खाली?"

पान उलटल्याचा आवाज आला. "ते नाही लिहिलेलं."

मी तशीच पडून राहिले. टॉर्चच्या उजेडात ते रिकामं टोक माझ्या नाकासमोर डुलत होतं. रिकामं, असं मनात आलं आणि मला जिन्याच्या पायथ्याशी उभा असलेला गॅसवाला दिसला.

"काका, हे मिस्त्रीनं कोणत्या भाषेत सांगितलं होतं?"

मागं वही मिटल्याचा आवाज आला.

त्यानं सांगितलं होतं, नीली खाली. म्हणजे निळी रिकामी आहे, जास्तीची आहे, तिला हात लावू नका. काकांनी रंगांची नावं तेवढी मराठीत केली, बाकी शब्दन् शब्द उतरवला होता, आणि लिपी एकच असल्यामुळं वाक्य कुठल्या भाषेतलं ते वहीला ठाऊक नव्हतं. पुढच्या मार्चमध्ये वही उघडली तेव्हा काकांनी ते मराठीत वाचलं. बॉडी म्हणजे गाडीचा पत्रा, तीही त्यांनी पंख्याची जाळी धरली. जी तार पंख्याला हवी होती ती जाळीला बांधलेली, आणि जी नको होती तिच्यावर पंखा जगत होता. तिचं टोक पत्र्याला टेकलं की चालू, खड्ड्यात हललं की बंद. अंगणात गाडी हलत नव्हती, म्हणून साक्षीदार दर वेळी खरंच बोलत होता.

मला हसू आवरेना. दीड वर्षाचा हिशेब चुकता करायची वेळ आली होती. फळीखालूनच मी ओरडले, "काका! नहीं, ऊपर है!" आणि हसता हसता डोकं वर आपटलं.

काका हसले नाहीत. मी बाहेर आले तेव्हा ते चष्मा काढून बसले होते आणि वही मिटलेली होती. मला माझी लाज वाटली. दोन मिनिटांचं काम उरलं होतं, ते त्यांनी स्वतः केलं: काळी खालच्या स्क्रूला, निळीचं टोक चिकटपट्टी गुंडाळून बाजूला. मग मी चारही दारं दहा-दहा वेळा आपटली, मागच्या बंपरवर उभी राहून उड्या मारल्या. पंखा चालत राहिला. काका म्हणाले, "पुरे," आणि घरात गेले.

स्वयंपाकघराची खिडकी अंगणात उघडायची. मी ऐकायला थांबले नव्हते, पण हललेही नाही.

"चूक माझी होती," काका म्हणाले.

"कशाची?"

"पंख्याची. तुझ्या दम्याची. मिस्त्रीले शिव्या देल्या मी, चार लोकांत." मग म्हणाले, "वहीच चुकीची होती."

गॅसवर भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग काकू म्हणाल्या, "चहा घेता का?"

उद्या येणार की नाही हे त्या बोलल्या नाहीत आणि काकांनी विचारलं नाही. सकाळी काकांनी गाडी काढली, नुसती फाटकाशी आणून उभी केली, आणि समोर बघत बसून राहिले. मी पुढं बसले. आधी मागच्या सीटवर खिरीचं पातेलं आलं. त्याच्या शेजारी एक छोटा स्टीलचा डबा. मग पांढऱ्या साडीचा पदर सावरत काकू आत आल्या आणि दार ओढून घेतलं. काकांनी गिअर टाकला.

रेल्वेचं फाटक आलं. गाडी एका रुळावर गचकली, दुसऱ्या रुळावर गचकली. पंखा चालू. काकू म्हणाल्या, "थोडा तिरपा करा न जी, केस उडून राहिले." इतकी सुंदर तक्रार मी आयुष्यात ऐकलेली नाही.

तेलीबागेत काकांनी गाडी आधी मिस्त्रीच्या दुकानासमोर उभी केली. वही काखेत घेऊन ते उन्हात उतरले. गिऱ्हाईकं होतीच; काकांनी त्यांच्या देखतच सांगितलं, कारण शिव्याही देखतच दिल्या होत्या. सगळं सांगितलं, खाली म्हणजे काय नि मराठीत काय, निळी कुठं नि काळी कुठं. शेवटी हात जोडले.

मिस्त्री ऐकत होता. मग दाढीतून हसत त्यानं वहीकडे बोट केलं. "तो साहब, वही में लिखा था?"

"हाँ," काका म्हणाले, "वही में ही तो गड़बड़ था."

"अरे छोड़िए. ग़लती लफ़्ज़ की थी. न आपकी, न हमारी." तो गाडीजवळ आला, खिडकीतून काकूंना सलाम केला, आणि कान देऊन पंखा ऐकला. "अच्छा चल रहा है."

काकूंनी तो स्टीलचा डबा त्याच्या हातात दिला. तो त्यांनी घरून निघतानाच भरला होता. काका इथं उतरणार हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर काकांना एक नवी सवय लागली. वहीत, वाण्याच्या यादीत, दुधवाल्याच्या चिठ्ठीत, जिथं शंकेचा शब्द आला तिथं पुढं ते 'म.' किंवा 'हिं.' लिहू लागले. मराठी की हिंदी. कॅलेंडरवर सिलेंडरची नोंद असायची, 'खाली, हिं.' माझी चेष्टा मात्र थांबली. फाटकाशी आले की ते नुसतं "आली का?" म्हणायचे, आणि खरं सांगते, मला चुकल्यासारखं व्हायचं.

पुढं माझी बदली कोल्हापूरला झाली. काकांची पोस्टकार्डं यायची. घरात फोन होता, पण फोनवरच्या बोलण्याची नोंद राहत नाही म्हणून त्यांचा त्यावर भरवसा नव्हता. पहिल्याच कार्डात होतं, 'वरची खोली खाली. हिं.' मी ते टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. शाखेतले लोक वाचायचे आणि म्हणायचे, वरची खोली खाली कशी असेल? कार्डाच्या शेवटी तिरप्या अक्षरात काकूंचा आशीर्वाद असायचा.

एकदा मध्ये चार महिने कार्ड आलं नाही. मग आलं ते दोन ओळींचं. 'पंखा चालू आहे. मागची सीट खाली. हिं.' शेवटी आशीर्वाद नव्हता.

काकू गेल्या हे मला त्या एवढ्याशा 'हिं.'वरून कळलं. समोर काउंटरवर माणसं उभी होती आणि मी रडत होते. कोणीतरी मला पाणी आणून दिलं.

मे महिन्यात मी रजा काढून लखनौला गेले. खीर मी केली. काकूंसारखी झाली नाही. पौर्णिमेच्या सकाळी पातेलं मागच्या सीटवर ठेवलं, मी पुढं बसले आणि वही मांडीवर घेतली. काकांच्या खिशातून तारा लोंबतच होत्या. रेल्वेच्या फाटकाशी गाडी दोनदा गचकली. मागं पंखा रिकाम्या सीटवर वारा घालत होता. मला ते सहन होईना. मी हात मागं नेला आणि म्हटलं, "काका, बंद करू का? मागं कोणी नाही."

"राहू दे चालू," काका म्हणाले. ते रस्त्याकडेच बघत होते. "खीर आहे न मागं. आंबून जाते उन्हानं."